ऑनसाइड किकमध्ये धक्का केव्हा चालतो आणि केव्हा नाही

शुक्रवारची रात्र, अमेरिकन फुटबॉलचा सामना, शेवटचा क्वार्टर, आमचा संघ पाच पॉइंटांनी मागे. ऑनसाइड किक झाली, म्हणजे चेंडू लांब न मारता जवळच मारायचा आणि आपणच परत ताब्यात घ्यायचा; त्यासाठी तो एरवी दहा यार्ड जावा लागतो. चेंडू जमिनीवरून टणाटण उड्या मारत निघाला. किक करणाऱ्या संघातला एक मुलगा चेंडूच्याही पुढे धावला, समोरच्या पोराच्या छातीला दोन्ही हात लावून त्याला आडवं केलं, आणि मागून आलेल्या जोडीदाराने किकच्या जागेपासून अकराव्या यार्डावर चेंडू पोटाखाली घेतला. सगळे पालक उभे राहून ओरडायला लागले. मग गवतावर पडलेला पिवळा फ्लॅग दिसला, म्हणजे पंचांनी फाऊल धरला होता.

"अहो, दहा यार्ड गेला होता की चेंडू!" शेजारचे गृहस्थ तळमळून म्हणाले. चेंडू दहा यार्ड गेला होता हे खरंच. पण धक्का बसला तेव्हा तो जेमतेम सातव्या यार्डावर होता.

मुलगा न्यू जर्सीतल्या हायस्कूलच्या संघात गेल्यापासून मी सरावाला मदतनीस म्हणून उभा राहतो, आणि हीच चूक दर मोसमात बघतो. मुलं करतात, शिकवणारे करतात, बघणाऱ्यांना तर फ्लॅग का पडला हेच कळत नाही. सगळे धक्का किती जोरात होता यावर वाद घालतात. वादाची सुरुवात तिथून करायचीच नाही. चेंडू कुठे होता आणि त्याला आधी कोण शिवलं, हे पहिलं बघायचं. धक्क्याचा विचार त्यानंतर. खालचे सगळे टप्पे याच क्रमाने लावले आहेत.

सोयीसाठी किक करणाऱ्या संघाला 'किकवाले' आणि समोरच्यांना 'घेणारे' म्हणतो.

१. आधी नियमपुस्तक कोणतं ते ठरवा

अमेरिकेत तीन वेगळी पुस्तकं चालतात: हायस्कूलचं, कॉलेजचं आणि एनएफएल या व्यावसायिक लीगचं. ऑनसाइड किकच्या बाबतीत ती एकसारखी नाहीत. बहुतेक राज्यांतली हायस्कूलं एनएफएचएस या राष्ट्रीय महासंघाच्या पुस्तकावर खेळतात. टेक्सासचं तसं नाही. तिथली हायस्कूलं कॉलेजचे, म्हणजे एनसीएएचे नियम वापरतात. न्यू जर्सीतून डॅलसला किंवा ह्यूस्टनला बदली होऊन गेलेल्या कुटुंबातल्या मुलाला हे कोणीतरी पहिल्याच दिवशी सांगायला हवं, नाहीतर इथे बरोबर असलेली गोष्ट तो तिथे चुकीची करतो.

लहान वयाच्या लीग बहुधा राज्याच्या हायस्कूलचे नियम घेतात आणि त्यात आपली कलमं घालतात. काही ठिकाणी लहान गटांत ऑनसाइड किकच नसते. लीगचं परिपत्रक मोसमाआधी मागून घ्या.

रविवारी टीव्हीवर दिसतं ते शुक्रवारी चालेल असं धरू नका. एनएफएलमध्ये २०२४ पासून ऑनसाइड किक करणार हे आधी पंचांना सांगावं लागतं. त्या वर्षी ती फक्त पिछाडीवरच्या संघाला आणि फक्त चौथ्या क्वार्टरमध्ये करता येत होती. २०२५ मध्ये क्वार्टरची अट गेली, पिछाडीची राहिली. हायस्कूलमध्ये असं काही सांगावं लागत नाही, तिथे अचानक केलेली ऑनसाइड किक पूर्ण नियमात बसते.

हा लेख हायस्कूलच्या पुस्तकावर आहे. कॉलेजचा नियम जिथे वेगळा आहे, तिथे तसं लिहिलं आहे.

> तपासा: तुमचा सामना कोणत्या पुस्तकावर आहे आणि त्या वर्षीची आवृत्ती कोणी वाचली आहे? पुस्तक दर वर्षी नवं निघतं.

२. दोन रेघा आणि मधली मोकळी पट्टी

हायस्कूलमध्ये किकऑफ, म्हणजे खेळ सुरू करणारी किक, किकवाल्यांच्या गोलरेषेपासून ४० यार्डांवरून होतो. घेणाऱ्यांची रेघ त्याच्यापुढे १० यार्ड, म्हणजे मैदानाच्या मध्यावर, ५० वर. कॉलेजमध्ये किक ३५ वरून, घेणाऱ्यांची रेघ ४५ वर. या दोन रेघांमधल्या १० यार्डांच्या पट्टीला न्यूट्रल झोन म्हणतात. धक्क्याचे बहुतेक वाद याच पट्टीत होतात.

उभं राहताना दोन गोष्टी बघायच्या. किकरच्या दोन्ही बाजूंना निदान चार-चार खेळाडू हवेत. सगळी फौज एका बाजूला गोळा करता येत नाही. आणि हायस्कूलमध्ये किकर सोडून कोणीही आपल्या रेघेच्या मागे ५ यार्डांपेक्षा जास्त अंतरावर उभं राहायचं नाही. लांबून पळत येऊन कोणाच्या अंगावर आदळू नये म्हणून हे आहे.

किक होण्याआधी रेघ ओलांडली तर ५ यार्ड मागे जायचा दंड. ही चूक ऑनसाइड किकमध्ये सगळ्यात जास्त होते, कारण प्रत्येकाला अर्ध्या पावलाची आघाडी हवी असते. मुलांना किकरच्या पायाकडे बघून पळायला शिकवू नका. त्याची शेवटची दोन पावलं मोजून, चेंडूला पाय लागल्यावर रेघेवर पोचायला शिकवा.

> सावध: घेणाऱ्यांची पुढची फळीही किकआधी त्यांच्या रेघेच्या पुढे येऊ शकत नाही. त्यांचाही पाय बघा.

३. किक कोणत्या जातीची आहे ते ओळखा

धक्क्याचा नियम किकच्या जातीवर बदलतो, म्हणून हा टप्पा गाळू नका.

जमिनीवरून घरंगळत किंवा अनेक टप्पे घेत जाणारा चेंडू सगळीकडे चालतो. हायस्कूलमध्ये मुलांना हीच किक शिकवा.

दुसरी जात म्हणजे टीवरून (चेंडू उभा ठेवायच्या छोट्या बैठकीवरून) थेट जमिनीत आपटून एकाच टप्प्यात उंच उडवलेला चेंडू, ज्याला पॉप-अप म्हणतात. टीव्हीवर ही सर्रास दिसते, त्यामुळे प्रत्येक किकरला ती करून बघायची असते. हायस्कूलमध्ये ती २०१७ पासून बेकायदा आहे. असा चेंडू उडाला की शिट्टी वाजते, खेळ तिथेच थांबतो आणि किकवाल्यांना ५ यार्डांचा दंड होतो. नियमामागचं कारण मैदानावर उभं राहिलं की कळतं. चेंडू उंच, घेणाऱ्या मुलाची नजर आभाळात, मान मागे, छाती उघडी, आणि समोरून पाच-सहा जण पूर्ण वेगात येतात. हा नियम पोरांच्या मानेसाठी आहे आणि मला तो मनापासून पटतो.

कॉलेजमध्ये पॉप-अप चालते, पण तिथे एका टप्प्यात उडालेल्या चेंडूला टीवरून थेट हवेत गेलेल्या चेंडूसारखंच संरक्षण आहे. झेलायला सज्ज असलेल्या खेळाडूला हात लावायचा नाही, आणि त्याला फेअर कॅचची, म्हणजे अडथळ्याविना झेल घेण्याची, खूणही करता येते. टेक्सासच्या पालकांनो, हे तुमच्यासाठी.

तिसरी जात: टप्पा न घेता थेट हवेतून घेणाऱ्यांच्या रेघेपलीकडे जाणारा चेंडू. तो सहाव्या टप्प्यात घेऊ.

> तपासा: तुमच्या किकरने सरावात दहा वेळा किक केली तर किती वेळा चेंडू एकाच टप्प्यात उडतो? तीनदा जरी उडत असेल तर ती किक सामन्यात वापरू नका. चेंडूच्या वरच्या भागावर पाय लागतो आहे, जागा बदला.

४. पहिले १० यार्ड: किकवाल्यांनी हात आवरायचे

सगळ्यात जास्त फ्लॅग इथेच पडतात, म्हणून इथे सावकाश जाऊ.

हायस्कूलच्या नियमानुसार किकवाल्यांनी स्वतःहून समोरच्याला भिडायचं नाही. खालच्या तीनपैकी एक गोष्ट झाली की ही बंदी उठते:

- किक १० यार्ड गेली, किंवा
- किकवाल्यांना चेंडू ताब्यात घेण्याचा हक्क मिळाला, किंवा
- न्यूट्रल झोनमध्ये घेणाऱ्यांनी स्वतःच ब्लॉक सुरू केला, म्हणजे समोरच्याला अंगाने किंवा हाताने अडवायला, ढकलायला सुरुवात केली.

तीनपैकी काहीच झालेलं नसताना केलेला ब्लॉक कितीही स्वच्छ असो, समोरून असो, छातीवर असो, उघड्या तळहातांनी असो, तो फाऊल आहे. दंड १० यार्ड. वरच्या प्रसंगातल्या मुलाचा ब्लॉक एरवी पुस्तकात छापावा असा होता. तो चुकला वेळेत, आणि तेही फार तर अर्ध्या सेकंदाने.

कॉलेजचा नियम एका वाक्यात बसतो: किकवाल्यांना चेंडूला शिवण्याचा हक्क मिळेपर्यंत त्यांनी ब्लॉक करायचा नाही.

कबड्डी खेळलेल्यांना हे लवकर समजतं. चढाई करणाऱ्याचा आणि पकडणाऱ्यांचा स्पर्श होईपर्यंत लॉबी बंद असते आणि स्पर्श झाला की उघडते. इथेही तसंच. पट्टी तीच, माणसं तीच, पण काहीतरी घडेपर्यंत ती जागा झटापटीसाठी बंद. मी आमच्या दोन मराठी पोरांना असंच सांगितलं. ते प्रो कबड्डी बघतात, एका वाक्यात समजले.

मग या पट्टीत किकवाल्यांनी करायचं काय? पळायचं, वळसा घालायचा, समोरचा अंगावर आला तर हाताने त्याला दूर ठेवत पुढे सरकायचं. अंगावर येणाऱ्याला अडवणं आणि आपण होऊन भिडणं यातला फरक पंच पायांवरून ओळखतात. तुमची पावलं चेंडूच्या दिशेने जात आहेत की माणसाच्या? शंका आली तर निर्णय पावलांवर होतो, म्हणून सरावात पावलंच घडवा.

सगळ्यात अवघड काम चेंडूच्या पुढे गेलेल्या मुलाचं. तो वेगात असतो आणि चेंडू मागे रेंगाळत असतो. त्याला एकच सांगा: घेणाऱ्यांच्या रेघेच्या अलीकडे एक पाऊल थांब, वळून चेंडू बघ. मुलांना हे पटत नाही. थांबलो तर जागा गेली असं त्यांना वाटतं. पण १० यार्डांचा दंड खाऊन पुन्हा किक करण्यापेक्षा अर्धं पाऊल गमावणं कितीतरी स्वस्त.

घेणाऱ्यांचं मात्र उलट. किक झाली की ते न्यूट्रल झोनमध्ये येऊ शकतात, ब्लॉक करू शकतात, चेंडूही उचलू शकतात. त्यांना १० यार्डांची वाट बघायची नसते.

> सावध: घेणाऱ्यांच्या ब्लॉकमुळे तुमची बंदी उठते, पण "आधी त्याने मारलं" हे पंचांना दिसलेलं असलं पाहिजे. ज्याच्यावर कोणी आलेलंच नाही त्याने या सवलतीवर विसंबू नये.

५. चेंडूला आधी कोण शिवलं

आता चेंडूकडे. किकवाल्यांपैकी कोणी चेंडू घेणाऱ्यांच्या रेघेपलीकडे जाण्याआधी आणि घेणाऱ्यांपैकी कोणी शिवण्याआधी त्याला हात लावला, तर त्याला 'फर्स्ट टचिंग' म्हणतात. हायस्कूल आणि कॉलेजमध्ये यासाठी फ्लॅग पडत नाही. पंच त्या जागी कमरेची छोटी बीन बॅग टाकतात. गवतावर पडलेली ती पिशवी फ्लॅगइतकीच महत्त्वाची आहे, पण गॅलरीतून कोणाचंच तिच्याकडे लक्ष जात नाही. तिचा अर्थ: खेळ संपल्यावर घेणाऱ्यांना हवं तर चेंडू या जागी त्यांचा. म्हणून किकवाल्यांनी ढिगातून चेंडू वर काढून नाचायला सुरुवात केली, तरी आधी जमिनीकडे बघा.

घेणाऱ्यांचा हा हक्क जाऊही शकतो. त्यांनी चेंडूला हात लावला आणि मग त्याच खेळीत फाऊल केला, तर पिशवीचा फायदा संपतो. खेळीतल्या कोणत्याही फाऊलचा दंड स्वीकारला तरी तो संपतो. म्हणून चेंडू हुकलेल्या मुलाने रागाने कोणाला ढकलू नये.

आता धक्का आणि स्पर्श एकमेकांत गुंततात ती जागा. किकवाल्याने घेणाऱ्याला ढकललं आणि तो चेंडूवर जाऊन पडला, तर तो चेंडूला शिवला असं धरत नाहीत. घेणाऱ्याने किकवाल्याला ढकलून चेंडूवर पाडलं, तर तोही स्पर्श मोजत नाहीत. ढकलून घडवून आणलेल्या स्पर्शाचा फायदा ढकलणाऱ्याला मिळत नाही. "त्याच्या पायाला लागला ना, आता आमचा!" असं ओरडण्याआधी तो पाय कोणाच्या धक्क्याने तिथे गेला ते बघा.

किकवाल्यांचा हक्क केव्हा सुरू होतो? हायस्कूलमध्ये चेंडू घेणाऱ्यांच्या रेघेपलीकडे गेला आणि जमिनीला लागलेला असला की. किंवा घेणाऱ्यांपैकी कोणी त्याला आपण होऊन शिवलं की, मग ते चौथ्या यार्डावर का असेना. कॉलेजच्या पुस्तकात एक बारकावा जास्त आहे: चेंडू रेघेचं प्रतल ओलांडून पलीकडेच राहिला पाहिजे, किंवा पलीकडे जमिनीला, खेळाडूला अथवा पंचाला लागलेला पाहिजे. अंडाकृती चेंडू उलटा फिरून परत येतो, म्हणून हे शब्द तिथे आहेत.

चेंडू आत्ता कोणाचा यावरच धक्क्याची परवानगी ठरते, म्हणून हा टप्पा पाठच करा.

> तपासा: मुलाला थांबवून विचारा, "चेंडू आठव्या यार्डावर आहे, समोरच्याने हात लावला आणि सुटला. तू काय करशील?" उत्तर क्षणात यायला हवं: झेप घेईन. तो "दहा यार्ड..." म्हणत अडखळला तर अजून तयार नाही.

६. चेंडू हवेत असेल तर नियम बदलतो

थेट हवेतून गेलेला चेंडू खाली येईपर्यंत घेणाऱ्यांचा असतो. हायस्कूलमध्ये न्यूट्रल झोनमध्ये किंवा त्यापलीकडे चेंडू हवेत असताना किकवाल्यांनी त्याला शिवायचं नाही, झेलणाऱ्याला शिवायचं नाही आणि त्याची वाटही अडवायची नाही. घेणाऱ्यांपैकी कोणी जवळ नसलं, तरी हवेतला चेंडू झेलणं हा किकवाल्यांचा फाऊल आहे. दंड १५ यार्ड.

इथे "१० यार्ड गेला" हे वाक्य मुलांना हमखास फसवतं. बाराव्या यार्डावर हवेतला चेंडू आपल्या छातीवर येतोय, १० यार्ड केव्हाच झालेत, मग का नाही झेलायचा? तो अजून जमिनीला लागलेला नाही म्हणून. १० यार्ड आणि जमीन, दोन्ही हवं.

घेणाऱ्याने फेअर कॅचची खूण केली, म्हणजे एक हात डोक्यावर पूर्ण ताठ करून डावी-उजवीकडे हलवला, तर त्याला आणखी सुरक्षित झेल मिळतो आणि चेंडू झेलताच खेळ थांबतो. पण खूण करणाऱ्या त्या मुलाने किक संपेपर्यंत कोणाला ब्लॉक करायचा नाही. हे घेणाऱ्यांच्या बाजूचं राहून जाणारं कलम आहे.

७. हक्क मिळाल्यावरही सगळं चालत नाही

१० यार्ड झाले, चेंडू जमिनीला लागला. आता भिडा. पण भिडायचं तेही नियमात:

- कमरेखाली ब्लॉक नाही. किकच्या खेळीत तो कोणालाच चालत नाही. १५ यार्ड.
- डोकं, मान, हेल्मेट यांच्यावर काही नाही. चेंडू झेलायला किंवा उचलायला वाकलेला खेळाडू नियमाच्या भाषेत असुरक्षित खेळाडू आहे. १५ यार्ड, आणि प्रकार गंभीर असला तर सामन्याबाहेर.
- नजर दुसरीकडे असलेल्याला बाजूने जोरात आदळणं नाही. असा ब्लॉक करायचाच तर आधी उघडे हात लावून. हायस्कूलमध्ये हे २०१७ पासून आहे.
- पाठीत ब्लॉक नाही. १० यार्ड.

पाठीच्या बाबतीत गोंधळ होतो, म्हणून थोडं जास्त. मोकळ्या चेंडूपर्यंत पोचण्यासाठी, ज्याला तुम्हाला शिवण्याचा हक्क आहे अशा चेंडूसाठी, मधल्या माणसाला हाताने बाजूला सारणं वेगळं. चेंडू दोन पावलांवर असताना झेपावणाऱ्याचा हात पुढच्याच्या पाठीला लागला तर पंच सहसा समजून घेतात. चेंडू सहा यार्ड लांब आहे, तुम्हाला तो घ्यायचाच नाही, फक्त समोरच्याला पालथा पाडायचा आहे, तेव्हा फ्लॅग पडणारच.

> सावध: ऑनसाइड किकमध्ये बहुतेकांची नजर खाली चेंडूवर असते. ज्याने तुम्हाला पाहिलेलं नाही त्याला जोरात आदळण्याची संधी इथे दर खेळीत समोर येते. ती सोडायला शिकवा. सरावात असा ब्लॉक दिसला की मी खेळ थांबवतो, मुलांची कुरकुर झाली तरी.

८. घेणाऱ्यांच्या बाजूची तयारी

घेणाऱ्यांनी इथे 'हँड्स टीम' उतरवायची, म्हणजे ज्यांच्या हातातून चेंडू निसटत नाही अशी मुलं. पण सगळेच झेलणारे असून भागत नाही. पुढच्या फळीने येणाऱ्यांना ब्लॉक करायचं, मागच्याने चेंडू घ्यायचा. कामं वाटून द्या आणि प्रत्येकाकडून तोंडी म्हणवून घ्या.

कामं विसरली की काय होतं याचं सगळ्यात ठळक उदाहरण १८ जानेवारी २०१५ चं आहे. सिअॅटलविरुद्ध ग्रीन बे, एनएफसीची (एनएफएलच्या दोन गटांपैकी एकाची) अंतिम लढत, ग्रीन बे १९-१४ ने पुढे आणि दोन मिनिटांच्या आसपास वेळ उरलेला. ऑनसाइड किक ग्रीन बेच्या ब्रँडन बोस्टिककडे आली. त्याचं काम ब्लॉक करण्याचं होतं, झेलायला मागे जॉर्डी नेल्सन सज्ज होता. बोस्टिकने उडी मारली, चेंडू त्याच्याकडून उडाला आणि सिअॅटलच्या ख्रिस मॅथ्यूजने तो घेतला. सामना अतिरिक्त वेळेत २८-२२ असा सिअॅटलने जिंकला. चेंडूला घेणाऱ्याचा स्पर्श झाला की तो सर्वांसाठी मोकळा होतो, हे लक्षात ठेवायला यापेक्षा चांगला प्रसंग नाही.

उलट चूक २० सप्टेंबर २०२० रोजी झाली. डॅलसच्या ग्रेग झुर्लाइनने टी न वापरता आडवा ठेवलेला चेंडू भोवऱ्यासारखा फिरवत हळूहळू सोडला. अटलांटाचे खेळाडू त्याच्याभोवती उभे राहून १० यार्ड व्हायची वाट बघत राहिले. ती वाट बघण्याचं बंधन किकवाल्यांवर असतं, घेणाऱ्यांवर नाही! चेंडूने रेघ ओलांडली, डॅलसच्या सी. जे. गुडविनने झेप घेतली आणि डॅलसने सामना ४०-३९ असा जिंकला. अटलांटाच्या कोणीही त्याआधी चेंडूवर नुसतं अंग टाकलं असतं तरी खेळी तिथेच संपत होती.

तुमच्या मुलांना दोन्ही चित्रफिती दाखवा. एकात शिवायला नको होतं त्याने शिवलं, दुसऱ्यात शिवायला हवं होतं ते शिवले नाहीत.

हात न लावताच चेंडू घेणाऱ्यांचा व्हावा अशीही वेळ असते. चेंडू १० यार्डांच्या आत स्थिरावला आणि कोणीच घ्यायला गेलं नाही, तर पंच शिट्टी वाजवतात आणि चेंडू घेणाऱ्यांना मिळतो. पण समोरून अकरा जण येत असताना यावर विसंबणं धोक्याचं. खात्री असेल तर अंगाखाली घ्या, नसेल तर ब्लॉक करा.

> तपासा: पुढच्या फळीतल्या प्रत्येकाला विचारा, "तू झेलणार की ब्लॉक करणार?" दोन उत्तरं आली तर त्याला बदला.

९. ढीग

किकवाल्यांनी चेंडू घेतला की खेळ तिथेच संपतो. चेंडू घेऊन पुढे पळता येत नाही, त्यामुळे उचलून धावायचा मोह नको. आधी गुडघे, मग दोन्ही हात, चेंडू पोटाशी, हनुवटी छातीला. घेणाऱ्यांना मात्र चेंडू घेऊन पळता येतं, आणि पळताना तो त्यांच्या हातून सुटला तर पुन्हा सगळं मोकळं.

शिट्टीनंतर ढिगावर उडी मारणं, बोटं पिरगळणं, ओढाताण करणं, सगळ्याला १५ यार्ड. ढिगातून कोणाचा चेंडू निघाला हे पंच ठरवतात. हात वर करून दिशा दाखवणाऱ्या मुलांचा त्यावर काही परिणाम होत नाही.

१०. फ्लॅग पडल्यावर हिशोब

तुम्ही रेघेवर मदतनीस असाल किंवा नव्याने पंचगिरी शिकत असाल, तर प्रश्न याच क्रमाने विचारा. किक नियमातली होती का? चेंडू हवेत होता की जमिनीवर? धक्क्याच्या क्षणी चेंडू कुठे होता? त्याआधी घेणाऱ्यांपैकी कोणी शिवलं होतं का, आणि ढकलल्यामुळे की आपण होऊन? भिडायला कोण आलं? आणि शेवटी, धक्का कसा होता? वाद घालणारे शेवटच्या प्रश्नापासून सुरू करतात, म्हणून भांडण मिटत नाही.

पहिल्या प्रसंगाचा हिशोब करू. किक ४० वरून, धक्का वेळेआधी, चेंडू किकवाल्यांनी घेतला. घेणारे दंड स्वीकारणार हे उघड आहे, नाकारला तर चेंडू गमावतील. १० यार्ड मागे, पुन्हा किक ३० वरून. घेणाऱ्यांची रेघ आता ४० वर. ही किकही फसली, तर घेणाऱ्यांना चेंडू आधीपेक्षा गोलच्या १० यार्ड जवळ मिळणार. चेंडू घेणाऱ्यांनीच घेतलेला असेल, तर त्यांना पुन्हा किक मागता येते किंवा खेळी संपली तिथून दंडाचे यार्ड जोडून घेता येतात. संघनायकाला पंच विचारतात तेव्हा त्याला हे माहीत असलं पाहिजे, म्हणून गुरुवारीच सांगून ठेवा.

११. सरावाची एक पद्धत

हे सगळं बोलून मुलांच्या अंगात उतरत नाही. आम्ही हे करतो: घेणाऱ्यांच्या रेघेच्या टोकाला, साइडलाइनवर, एका पालकाला फोन घेऊन उभं करतो. फोन रेघेच्या अगदी सरळ रेषेत, कमरेच्या उंचीवर, स्लो मोशनवर. तिरपा धरला तर चेंडू रेघेच्या पलीकडे गेला की नाही ते फसवं दिसतं. रेघेवर दोन केशरी कोन. सहा किका, अर्ध्या वेगात, हेल्मेट घालून पण आडवं न पाडता. भिडायचं म्हणजे तळहात छातीला टेकवायचे, बस.

मग सगळ्यांना गोळा करून चित्रफीत चेंडूने रेघ ओलांडली त्या चौकटीवर थांबवायची. प्रत्येकाने आपले हात शोधायचे. हात हवेत असतील तर ठीक. समोरच्याच्या छातीला आधीच टेकले असतील तर १० यार्ड. फ्लॅग पडलेल्या त्या मुलाने आपले हात टेकले ती चौकट पहिल्यांदा पाहिली तेव्हा चेंडू कोनाच्या हातभर अलीकडे होता आणि त्याचे दोन्ही तळहात टेकलेले होते. तो बराच वेळ स्क्रीनकडे बघत राहिला, मग म्हणाला, "काका, परत एकदा करू." पुढच्या किकला तो रेघेच्या एक पाऊल आधी थांबला, वळला, चेंडू कोनापलीकडे जाताना पाहिला आणि मग भिडला.